दगडावरचा आकडा, कडेची चारी

मंडळी, आपल्या पुण्यात टपालाच्या मुख्य कार्यालयाबाहेर शून्य मैलाचा एक जुना दगड आहे. तिथून रोज हजारो माणसं जातात, पण थांबून तो बघणारा विरळा. माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली, म्हणून मी आज दगडापासूनच सुरुवात करतो. रस्ता कुणाचा, हे त्याच्या कडेचा मैलाचा दगड सांगतो.

दगडाचं डोकं पिवळं असलं की राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं की राज्यमार्ग, नारिंगी असलं की गावाकडचा रस्ता. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गाव ही उतरंड 1943 साली ठरली, आपल्याच नागपुरात, देशभरच्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत. महाराष्ट्रात आज राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. खड्ड्याची तक्रार चुकीच्या टेबलावर पडली की ती तिथून पुढे सरकेपर्यंत पावसाळा निघून जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून म्हणतो, आधी दगड वाचा.

आता आकडे. 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा आपला चार नंबरचा हायवे 48 झाला आणि सोलापूरचा नऊ नंबर 65 झाला. लोक चिडले. पण त्यामागची रीत मला फार आवडते. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जातात. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे चढतात. नकाशावर बोट ठेवून बघा: नागपूरचा 44, धुळे-सोलापूरचा 52, नाशिक-पुण्याचा 60, कोकणचा 66. दिल्लीहून तिरका येणारा आपला 48 या रांगेत नीट बसत नाही, पण आहे तो समच. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा, आणि शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. माउलींच्या पालखीच्या मार्गाला 965 क्रमांक आहे. म्हणजे तो 65 चा फाटा. वारीला पायी जाणाऱ्यांनी हा आकडा पाटीवर पाहिला असेल.

रस्ता बांधायचा म्हणजे थर घालायचे. खाली दाबलेला भराव, त्यावर मुरूम-खडीचा थर, मग पाणी मारून रोलरने बसवलेली बारीक-मोठी खडी, आणि सर्वांत वर डांबराचे थर. चाकाचा भार वर थोड्या जागेत असतो, खाली जाताना तो पसरत जातो आणि मातीला सोसेल इतका हलका होतो. आपल्याकडे खडीला तोटा नाही, सह्याद्रीचा काळा पाषाण उत्तम आहे. अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट रस्ता टाकलात तर रस्ताही तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो. हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी कुणालाच दिसत नाही.

भार किती, यालाही महत्त्व आहे. आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती साधारण सोळापट होते. एक जादा भरलेला वाळूचा डंपर आणि शेकडो मोटारी यांची तुलना होऊच शकत नाही.

पण रस्त्याचा खरा वैरी पाणी. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता ठेवतात. सात मीटर रुंदीला मधला भाग कडेपेक्षा जेमतेम 9 सेंटीमीटर वर असतो. सगळा रस्ता या 9 सेंटीमीटरवर जगतो.

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी भोरच्या बाजूला होतो. एका नव्या कोऱ्या तुकड्यावर कडेने डांबर सुटायला लागलं होतं. मी खाली बसून डांबराचा थर मोजत होतो, वरचा माल कमी पडलाय अशी माझी खात्री होती. आमचा मुकादम म्हणाला, "सायेब, वर काय बघताय, पानी कुठं थांबलंय ते बघा." साइडपट्टीवर माती आणि गवत साचून ती रस्त्यापेक्षा चार बोटं वर आली होती. पाण्याला उतार होता, पण बाहेर पडायला वाट नव्हती. त्याने कुदळ घेतली आणि दहा-दहा पावलांवर साइडपट्टी कापत गेला. पहिल्या चरातून गढूळ पाणी खळखळत चारीत उतरलं, आणि मग एकेक डबकं रिकामं होत गेलं. माल कमी नव्हता. पाणी खडी आणि डांबराच्या मध्ये शिरून त्यांची पकड सोडवत होतं, वरून चाकं ते आत दाबत होती.

तेव्हा प्रत्येक रस्त्याला मैलकुली, म्हणजे आपापल्या तुकड्याची देखभाल करणारे मजूर, असायचे. आपला तुकडा त्यांना अंगणासारखा पाठ असे. रस्त्याखालून पाणी नेणारी कुठली मोरी पहिल्या पावसात तुंबते, कुठल्या वळणावर ओढा रस्त्यावर येतो, हे कागदावर नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. ती माणसं निवृत्त होत गेली आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी कुणी आलं नाही. नवं डांबरीकरण मोठ्या निविदेत बसतं, चारी उपसणं बसत नाही. माझ्या मते आपल्या रस्त्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे झालंय. सिमेंटचे रस्ते हा त्यावरचा उपाय मानला जातो, पण सांध्यातून पाणी खाली गेलं की तेही खालून पोकळ होतात.

आज मे महिना आहे. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलाय. गावी जाल तेव्हा रस्त्यातली एक मोरी उतरून बघा. पलीकडचा उजेड दिसला तर ठीक. नाही दिसला तर जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि त्याचा रंग टिपून घ्या, आणि त्या रंगाच्या कार्यालयाला लेखी कळवा.