सेव्हर्नकाठचं ब्यूडली

नमस्कार मंडळी! इंग्लंडमध्ये वूस्टरशरला सेव्हर्न नदीच्या काठावर ब्यूडली नावाचं छोटंसं गाव आहे, आज त्याच्याबद्दल बोलूया. १४७२ मध्ये चौथ्या एडवर्ड राजानं याला सनद दिली आणि पुढची तीनेकशे वर्षं गावाची नुसती चंगळ होती. ट्रो नावाच्या शिडाच्या बोटी माल घेऊन धक्क्याला लागायच्या, आणि वारा नसला की माणसंच काठावरून दोर खांद्याला लावून त्या ओढत न्यायची, विचार करा! इथल्या लोकरी टोप्या पण फेमस होत्या. १५७१ मध्ये तर कायदाच झाला, साध्या माणसानं रविवारी लोकरी टोपी घालायचीच, नाही घातली तर दंड. धंदा चालवायचा असा जालीम उपाय आजच्या कुठल्या मार्केटिंगवाल्याला सुचेल?

मग आला बोटींनी माल न्यायचा कालवा. १७७२ च्या सुमाराला तो सेव्हर्नला मिळाला, पण ब्यूडलीत नाही, थोडं खाली. तिथे स्टूरपोर्ट नावाचं नवंच गाव उभं राहिलं आणि मालवाहतूक हळूहळू तिकडे वळली. लोक सांगतात, ब्यूडलीकरांनीच "असला घाणेरडा नाला आम्हाला नको" म्हणून नाक मुरडलं. मला हे काही पटत नाही बुवा, कारण स्टूर नदीचं खोरं कालव्याला सोयीचं होतं, इंजिनिअर ब्रिंडली तिकडूनच जाणार ना. पण "आम्हीच नाही म्हटलं" हे सांगायला बरं वाटतं.

एक मात्र झालं, पैसा आटला त्यामुळे जुनी घरं पाडून नवी बांधायची हौस कुणाला परवडली नाही, म्हणून अठराव्या शतकातली विटांची घरं अजून रांगेत उभी आहेत आणि टूरिस्ट तीच बघायला येतात. खाटकांच्या जुन्या गाळ्यांमध्ये म्युझियम आहे. १७९५ च्या पुरात जुना पूल गेला, तेव्हा इंजिनिअर टेलफर्डनं १७९८ मध्ये बांधलेला तीन कमानींचा पूल आजही वापरात आहे. आणि हो, पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन इथलेच. १९३५ चा भारत सरकार कायदा त्यांच्याच कारकिर्दीत पास झाला, ज्याच्यावर १९३७ मध्ये आपल्या मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या.

पूर मात्र सुटला नाही. १९४७ चा, २००० चा. त्यानंतर गावाच्या बाजूला काढता-घालता येणारी भिंत आली, पाणी वाढायला लागलं की खांब रोवून त्यात पत्रे बसवायचे, उतरलं की सगळं काढून ठेवायचं. समोरच्या काठावर बील्स कॉर्नरला तशी पक्की सोय नव्हती, २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्या घरांत पाणी शिरलं.