फुकटचा पास आणि पन्नास हजारांचा उंबरठा

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख ‘करतज्ज्ञ’ अशी करून दिली, ती आधी पुसून टाकतो. मी डेटाबेस सांभाळणारा माणूस. कर शिकलो तो पैसे भरून, सगळं अक्कलखाती जमा. तेव्हा मी सांगतो म्हणून पगारात काही उलथापालथ करू नका, आपल्या अकाउंटंटला विचारा. पंचवीस मिनिटं दिलीत, त्यातली पाच माइकनं खाल्ली.

आधी उंबरठा. इथे ब्रिटनमध्ये पगार ५०,२७० पौंडांच्या वर गेला की सगळ्याच पगारावर चाळीस टक्के आयकर लागतो, असं किती जणांना वाटतं? हात वर करा. लाजू नका, मलाही वाटायचं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी या धास्तीनं पगारवाढ नको म्हणून सांगितलं होतं. अहो, माप ओलांडून नवरी आत आली म्हणून तिचं माहेर कोणी पाडत नाही! पहिले १२,५७० करमुक्त, तिथून ५०,२७० पर्यंत वीस टक्के, आणि फक्त त्यावरच्या रकमेला चाळीस. एक हजाराने ओलांडलंत, तर चाळीस टक्के त्या एका हजारावर. (ग्लासगोहून आलेले पाहुणे हसतायत. स्कॉटलंडमध्ये ४३,६६२ च्या पुढेच बेचाळीस टक्के सुरू होतात. तुमचं दुःख वेगळं, त्याला वेगळं व्याख्यान.)

हा आकडा २०२१ पासून तिथेच गोठलाय. आधी २०२६ पर्यंत म्हणाले, मग २०२८, मग २०३१. पगार मात्र वाढतात. त्यामुळे आपण उंबरठा ओलांडत नाही, उंबरठाच आपल्याकडे सरकत येतो.

आता माझी गोष्ट. २०२२ मध्ये मी नोकरी बदलली. ४८,००० पगार, आणि एचआरच्या बाईंनी फोनवर सांगितलं, ट्रेनचा वर्षाचा पास कंपनी काढून देईल, ‘मोफत’. हिशोबाला सोपं म्हणून पास पाच हजारांचा धरू. घरी येऊन मी पेढ्यांची भाषा करू लागलो. त्यामागे कारण होतं. पुण्यात असताना कंपनीची बस चौकात यायची, तिचा कराशी काही संबंध आहे हे कधी डोक्यातही आलं नाही. भारतात घरून ऑफिसला न्यायला-आणायला कंपनीनं गाडी दिली, तर ती पगारातली सुविधा धरत नाहीत. रोख प्रवासभत्त्यालाही महिना १,६०० रुपयांपर्यंत सूट होती, २०१८ मध्ये प्रमाणित वजावट आली तेव्हा ती गेली. तर मी तो संस्कार घेऊन इथे आलेला. ऑफिसला जायचा खर्च ऑफिसनं करावा, यात कर कुठून आला?

वर्ष संपलं. जुलैत पी-अकरा-डी नावाचा कागद हातात आला, कंपनीनं पगाराबाहेर काय काय दिलं त्याची यादी. मी तो बिलांच्या फाईलमध्ये लावून टाकला. मग करखात्याचं तपकिरी पाकीट आलं. माझा टॅक्स कोड, म्हणजे किती पगार करमुक्त ठेवायचा हे कंपनीला सांगणारा आकडा, १२५७एल होता, तो ७५७एल झालेला. मला वाटलं टायपिंगची चूक. बायकोनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, “पाचशेनं कमी झालाय. पुढे एक शून्य लाव.” पाच हजार! पासचे. करमुक्त रकमेतून सरळ वजा.

आता कळीची गोष्ट, आणि यासाठीच मी आज उभा आहे. तो पास पगाराच्या शेजारी बसत नाही, पगाराच्या डोक्यावर बसतो. ४८,००० वर ५,००० म्हणजे ५३,०००. पासातले पहिले २,२७० वीस टक्क्यांत, त्यांचे ४५४. उरलेले २,७३० उंबरठ्यापलीकडे, त्यांचे १,०९२. झाले १,५४६. इथवर ठीक. पण तेव्हा बालभत्ता, म्हणजे मुलांसाठी सरकार देतं ते पैसे, पन्नास हजारांच्या वर कापायला सुरुवात व्हायची, दर शंभर पौंडांना एक टक्का. दोन मुलांचा वर्षाचा भत्ता १,८८५, त्यातले तीस टक्के, म्हणजे ५६५, परत करायचे. आणि त्यासाठी ३१ जानेवारीच्या आत विवरणपत्र, जे मी जन्मात भरलं नव्हतं. एकूण २,१११ पौंड. मोफत पासाचे!

(मागच्या रांगेतून एक काकू: “अहो, पण २,८८९ वाचलेच की!”)

काकू, हेच आमच्या घरातही म्हणाले. बरोबर आहे तुमचं. स्वतःच्या खिशातून पाच हजारांचा पास काढायचा तर चाळीस टक्क्यांच्या पट्ट्यात त्यासाठी साडेआठ हजारांच्या वर कमवावे लागतात. पास वाईट नाहीच. माझा राग त्या ‘मोफत’ शब्दावर आहे, कारण त्या शब्दाच्या भरवशावर मी २,१११ पौंड आधीच सोफ्यावर खर्च केले होते. सोफा अजून आहे. पाहुण्यांनी त्यावर बसताना जरा मान राखावा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता पाच मिनिटांत.

कंपनी काय करमुक्त देऊ शकते? पास नाही, पण पासासाठी बिनव्याजी कर्ज देऊ शकते, दहा हजारांपर्यंत. ते दरमहा पगारातून फेडायचं. कंपनीची स्वतःची बस, नऊ किंवा जास्त आसनांची, चालते. कंपनीमार्फत सायकल घ्यायची योजना चालते. कामाच्या जागेजवळचं पार्किंग चालतं. म्हणजे गाडीनं आलात तर जागा फुकट, ट्रेननं आलात तर कर, यात न्याय शोधू नका. रात्री नऊनंतर कधीमधी थांबावं लागलं तर घरी जायला टॅक्सी, वर्षात साठ वेळा. आणि दुसऱ्या ठिकाणी तात्पुरतं काम, चोवीस महिन्यांच्या आतलं, तर तिथला प्रवास. पण सुरुवातीलाच तीन वर्षांचं ठरलं असेल तर पहिल्या दिवसापासून नाही. क्लायंटकडे बसणाऱ्यांनी हे वाक्य लिहून घ्या.

उंबरठ्याच्या आसपास असाल तर पेन्शन. मी त्या वर्षी पगारातले तीन हजार पेन्शनकडे वळवले असते, तर बरोबर पन्नास हजारांवर थांबलो असतो, चाळीस टक्केही टळले असते आणि बालभत्ताही वाचला असता. भत्त्यातली ती कपात आता साठ हजारांपासून सुरू होते, ऐंशीला भत्ता संपतो. एक लाखाच्या वर गोष्ट आणखी वाईट, दर दोन पौंडांना करमुक्त रकमेतला एक पौंड जातो, १,२५,१४० पर्यंत. त्या पट्ट्यात कर साठ टक्के पडतो. तिथले लोक इथे असतील तर वर्गणीचं नंतर बोलू.

एकच प्रश्न घेतो. हं, तुम्ही. “तीन दिवस घरून काम करतो, म्हणजे घर हेच माझं ऑफिस. मग दोन दिवसांचा प्रवास कामाचा का नाही?” छान विचारलंत. न्यूसम नावाचे एक बॅरिस्टर होते. राहायला व्हिप्सनेडला, तेच, प्राणिसंग्रहालयाचं गाव, आणि चेंबर लंडनमध्ये लिंकन्स इनला. तेही घरी बसून खरंखुरं काम करायचे, आणि त्यांनीही नेमकं हेच विचारलं होतं, अपील कोर्टापर्यंत जाऊन. १९५२ साली ते हरले. घर कुठे घ्यायचं ते तुम्ही ठरवलंत, म्हणून तिथून येण्याचा खर्चही तुमचा.