रात्रीचा उकाडा आणि पोचट दाणे

नमस्कार श्रोतेहो. हंगाम संपला की दोन आकडे हमखास विचारले जातात : पाऊस किती झाला आणि पारा कुठवर चढला. पिकाचं खरं दुखणं मात्र या दोन आकड्यांत बहुतेकदा सापडत नाही.

भाताचंच बघा. भात निसवला, म्हणजे लोंबी बाहेर आली, की तिच्यातलं प्रत्येक फूल एकदाच उमलतं, तेही साधारण तासाभरासाठी. नेमक्या त्या वेळी तापमान 35 अंशांच्या वर गेलं, तर परागकण नीट झडत नाहीत, फलधारणा हुकते. वरून तूस दिसतं, आत दाणा नसतो. महिन्याची सरासरी पाहणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

आणि रात्रीकडे तर आपलं फारच दुर्लक्ष होतं. दिवसा उन्हात तयार केलेल्या अन्नातला काही भाग झाड श्वसनासाठी खर्च करतं. रात्र उबदार असली की हा खर्च वाढतो, दाण्यासाठी कमी उरतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतातल्या अनेक वर्षांच्या नोंदी 2004 मध्ये प्रसिद्ध झाल्या. कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान 1 अंशानं वाढलं, की भाताचं उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. कमाल तापमानाचा तसा ठळक परिणाम आढळला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण रात्रीचा उकाडा शेतात उभं राहून डोळ्यांना दिसत नाही.

पावसाचंही तसंच. हवा 1 अंशानं तापली की ती जवळपास 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि मध्ये खंड पडतो तो लांबतो. एकूण बेरीज तीच राहते, पण दाणा भरताना जमिनीत ओल नसते.

कुणी म्हणेल, उत्पादन तर वाढतंच आहे. खरं आहे, सुधारित वाण, खतं आणि सिंचन यांनी ते वाढवलं. पण 2021 मधल्या एका अभ्यासानुसार, हवामान बदललं नसतं तर 1961 पासून जगाची कृषी उत्पादकता जेवढी वाढली असती, त्यापेक्षा ती सुमारे 21 टक्के कमी राहिली आहे. थंड प्रदेशांना थोडी ऊब मानवते. आधीच तापलेल्या प्रदेशांना हा फटका जास्त बसतो.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, पेरणीच्या तारखेबरोबर पीक फुलोऱ्यात आल्याची तारीख, त्या आठवड्यातलं रात्रीचं किमान तापमान आणि पावसातला खंड वहीत लिहून ठेवा. पुढच्या हंगामात कमी दिवसांचं वाण घ्यायचं की पेरणी मागे-पुढे करायची, हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.