वाघ्याचं भगुलं, चिमीची फळी

(पडवी. सकाळ. मासेवाली पाटी उतरवते आहे.)

रत्नागिरी जिल्ह्यातली ही एक वाडी. मासेवालीची हाक आली की या घरातून सगळ्यांत आधी धावते ती चिमी मांजर. तिच्या मागोमाग वाघ्या कुत्रा. दोघांचे डोळे एकाच पाटीवर. पण या घरात कुत्र्याचं आणि मांजराचं जेवण एका भांड्यात पडत नाही.

(विळी. बांगडे. आजींचे हात.)

माणसांसाठी तुकड्या झाल्या, आता चिमीचा वाटा. याला मीठ नाही, तिखट नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही; तो दोघांच्याही रक्ताला घातक, मांजराला जास्तच. बांगडा थोड्याशा पाण्यात उकळायचा आणि निवू द्यायचा. आता आजींची बोटं बघा. मधला काटा एका ओढीत सुटला. बारीक काटे मात्र चाचपून, एकेक करून काढावे लागतात. आणि टोपातलं पाणी? ते मोरीत ओतायचं नाही. मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी मासळीबरोबर बशीतच जातं.

कुत्र्याचं शरीर टॉरिन सहसा स्वतःच तयार करतं. मांजराला ते पुरेसं जमत नाही, मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की तयार खाद्यावर वाढणाऱ्या मांजरांचं हृदय निकामी होत होतं ते टॉरिन कमी पडल्यामुळे. टॉरिन दिल्यावर त्यातली बरीच मांजरं सुधारली.

(वाघ्याचं भगुलं. भात कालवला जातोय.)

वाघ्याला भात चालतो. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मांडलं. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगता जगता कुत्र्यात हा बदल झाला असावा. म्हणून भात, त्यात शिजवलेली कोंबडी किंवा अंडं, असं त्याचं जेवण. चिमीला गोडाची चवही कळत नाही. तिच्या जिभेवर ती जाणीवच नाही. आणि दूध-पोळी? बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, पोळीत त्यांच्या कामाचं फारसं काही नसतं. तरी घराघरांत मांजराची वाटी म्हणजे दूध-पोळीच. ही सवय आता सोडायला हवी.

(भगुल्यात गोटा ठेवताना. जवळून.)

वाघ्या जेवत नाही, गिळतो. म्हणून हा नदीतला गुळगुळीत गोटा, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा. धुऊन भगुल्याच्या मधोमध ठेवला, की त्याला भोवतीनं चाटत खावं लागतं. बघा, मान कशी फिरते.

(चिमी खांबावरून फळीवर झेप घेते.)

चिमीची बशी या फळीवर. मांजर एका बैठकीत पोट भरून घेत नाही. दोन घास खाईल, अंगण फिरून येईल, पुन्हा दोन घास. बशी जमिनीवर ठेवली तर ती परत येईतो वाघ्या ती लख्ख करून ठेवणार. मांजराच्या खाद्यात प्रथिनं आणि चरबी जास्त, त्याला ते भारी आवडतं. रोज खाल्लं तर कुत्रं लठ्ठ होतं, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

मासळीला वास सुटायच्या आत उरलेलं उचलायचं, भूक लागली की ताजं वाढायचं. चिमीचं पाणी बशीजवळ नाही, पलीकडे खिडकीत. खाण्यापासून लांब ठेवलेलं पाणी बरीच मांजरं जास्त पितात, असं म्हणतात.

(माजघराचं दार. कडीला सुतळी.)

घरात म्हातारं मांजर असेल, फळीवर चढवत नसेल, तर हा उपाय. कडीला सुतळी बांधून दार जेमतेम सहा बोटं उघडं ठेवायचं. मांजर आत जातं, वाघ्याएवढ्या कुत्र्याचं फक्त नाक. लहान चणीचं कुत्रं असेल तर बंद खोलीत वाढणंच बरं.

नुसत्या बांगड्यावरही मांजराला ठेवू नका. कोंबडीचं मांस, थोडी कलेजी, किंवा मांजरासाठीच बनवलेलं संपूर्ण खाद्य आलटून पालटून द्या, प्रमाण पशुवैद्यांना विचारा. भांडणाच्या धास्तीनं मांजरानं खाणंच सोडलं, तर दुसरा दिवस उलटायच्या आत त्यांच्याकडे न्या. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं.