प्रश्न फेब्रुवारीत विचारायचा

नमस्कार, श्रोतेहो.

विश्वामित्री नदीचा विषय निघाला की बडोद्यात प्रत्येक घराकडे सांगायला काहीतरी असतं. कोणी 2019 चा 31 जुलै सांगतं, एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला तो दिवस. कोणी 2024 चा ऑगस्ट सांगतं. काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी मोजतात, तिथे धोक्याची पातळी 25 फुटांवर धरतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी 37 फुटांपर्यंत चढलं. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, कितीतरी भागांत तळमजले बुडाले. वस्तीत शिरलेल्या मगरी वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी पकडून नेल्या, तीन दिवसांत दोन डझनांच्या आसपास. हे सगळं आपण पाहिलेलं आहे. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या आदल्या आठवड्याबद्दल.

गुजरात विधानसभेचं पावसाळी अधिवेशन त्या वर्षी 21 ऑगस्टला सुरू झालं, तीन दिवस चाललं आणि 23 तारखेला संपलं. पूर आला तो त्यानंतर, 26 पासून पुढे. अधिवेशन आणखी आठवडाभर चाललं असतं तर पाणी अडलं असतं, असं मी म्हणत नाही. वरचं आजवा धरण भरत आलेलं असताना गांधीनगरला विचारलेल्या प्रश्नाने कोणाचाही तळमजला वाचत नाही. पण तोच प्रश्न फेब्रुवारीत विचारला तर वाचू शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन असतं. ते कितीतरी जास्त दिवस चालतं, खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते, कुठल्या कामाला किती पैसा ते ठरतं. नदीचं पाणी तेव्हा खाली गेलेलं असतं. गाळ काढता येतो. भुखी कांस, रूपारेल कांस या आपल्या पावसाळी नाल्या मोकळ्या करायला हातात तीन-चार महिने असतात. पुराची चौकशी पुरानंतर होते, ती व्हायलाच हवी. देखरेख मात्र पुराआधी व्हायला हवी, आणि ती आपल्याकडे होत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती करण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आपल्या हातात आहे.

कायद्यांची उणीव नाही. 26 जानेवारी 2001 ला कच्छचा भूकंप झाला आणि 2003 मध्ये गुजरातने आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतःचा कायदा केला, देशातल्या राज्यांत सर्वांत आधी. 2005 मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याचं सत्तरावं कलम सांगतं की राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दर वर्षी अहवाल तयार करायचा आणि सरकारने तो विधानसभेच्या पटलावर ठेवायचा. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यातही अशीच तरतूद आहे: प्रदूषण मंडळाचा वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत पटलावर आला पाहिजे. वीज नियामक आयोगाचा वार्षिक अहवालही पटलावर ठेवायला 2003 चा वीज कायदा सांगतो. म्हणजे पूर, नदी आणि वीज, तिन्हींचा हिशेब वर्षातून एकदा आपल्या धारासभ्यांच्या, म्हणजे आमदारांच्या, हातात पडावा, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. अहवाल पटलावर आला की धारासभ्याचं काम सुरू होतं. तो उघडायचा, गेल्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवायचा, कोणतं काम दोन्ही वर्षी ‘प्रगतिपथावर’ आहे ते शोधायचं आणि त्यावर प्रश्न टाकायचा.

प्रश्न का, असं तुम्ही विचाराल. पत्र लिहिलं तर चालणार नाही का? पत्र जरूर लिहावं. पण गंभीरा पुलाचं काय झालं ते आठवा. पादरा तालुक्यातून मही नदीवरून आणंद जिल्ह्याकडे जाणारा हा पूल, 1985 चा. 9 जुलै 2025 ला सकाळी तो तुटला, वाहनं नदीत पडली, किमान वीस माणसं गेली. या पुलाच्या अवस्थेबद्दल 2022 मध्येच एका स्थानिक लोकप्रतिनिधीने लेखी तक्रार केली होती, हे दुर्घटनेनंतर वर्तमानपत्रांत आलं. कागद होता, तारीख होती, इशारा होता. पण पत्राचा प्रवास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर होतो आणि तो बाहेर कोणाला दिसत नाही. तारांकित प्रश्नाचं तसं नाही. त्याला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. त्यावर उपप्रश्न निघतात, पुरवणी माहिती मागितली जाते. उत्तर छापलं जातं आणि कायमचं राहतं. ‘काम मेपर्यंत पूर्ण करू’ असं मंत्री बोलले, तर त्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला सभागृहाची वेगळी समिती असते. पुलाची तपासणी कधी झाली, अहवालात काय लिहिलं होतं, वाहतूक कोणाच्या सहीने चालू ठेवली, हे तीन उपप्रश्न 2023 च्या मार्चमध्ये कोणी विचारले असते तर कोणाला तरी त्यांची उत्तरं लिहून द्यावी लागली असती. सही करताना माणूस जरा थांबतो. त्या थांबण्यावर माझा विश्वास आहे.

आता आजव्याकडे येऊ. सयाजीराव महाराजांच्या काळातलं हे धरण, 62 दरवाजांचं. ते आपल्या महानगरपालिकेच्या ताब्यात आहे आणि शहर अजूनही त्याचं पाणी पितं. आजवा आणि प्रतापपुरा तलाव, दोन्हींचं सोडलेलं पाणी शेवटी विश्वामित्रीतच येतं. दर पुरानंतर गल्लोगल्ली एकच चर्चा चालते: पाणी सोडलं किती वाजता, आणि आपल्याला सांगितलं किती वाजता? हे नुसतं गल्लीतलं बोलणं समजू नये. धरण सुरक्षिततेतला हाच गाभ्याचा प्रश्न आहे. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी 2017 मध्ये पूरनियंत्रणावर अहवाल दिला. मार्च 2016 पर्यंत देशातल्या 4862 मोठ्या धरणांपैकी फक्त 349 धरणांचे आणीबाणी कृती आराखडे तयार होते, शंभरात सात, असं त्यात आहे. आणीबाणी कृती आराखडा म्हणजे पाणी सोडायचं ठरलं की फोन कोणी कोणाला करायचा, खालच्या कुठल्या वस्तीत ते किती तासांत पोचेल, लोकांना कुठल्या रस्त्याने बाहेर काढायचं, हे आधी लिहून ठेवलेलं. 2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा आला आणि त्याने जुन्या धरणांना अशा आराखड्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. कायदा 30 डिसेंबर 2021 ला लागू झाला. मुदत कधी संपते ते तुम्हीच मोजा.

गुजरातला हे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. 11 ऑगस्ट 1979 ला मोरबीजवळचं मच्छू धरण फुटलं आणि हजारांवर माणसं वाहून गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला. पुढे 1981 मध्ये, अहवाल येण्याआधीच, तो आयोग सरकारनेच गुंडाळला. त्या धरणाखाली राहणाऱ्यांना, आपलं माणूस का गेलं, याचं आयोगाच्या सहीचं उत्तर कधी मिळालं नाही. आपल्या मराठी घरांत पानशेतची आठवण अजून निघते, पुण्याचे नातेवाईक 12 जुलै 1961 विसरलेले नाहीत. मच्छूची आठवणही तितक्याच आपलेपणाने निघायला हवी, कारण आपण या राज्याचे आहोत आणि त्या आयोगाचं अपुरं राहिलेलं काम आपल्याही नावावर आहे.

विजेकडे आपलं लक्ष सर्वांत कमी जातं. 2024 च्या पुरात समाकडे राहणाऱ्या आमच्या एका मावशींच्या सोसायटीत जिन्याखालच्या मीटरपेटीत पाणी शिरलं. पाण्यात वीज चालू ठेवणं जिवावर बेतलं असतं, तेव्हा पुरवठा बंद करणं बरोबरच होतं. पण वीज गेली म्हणजे टाकीत पाणी चढवणारा पंप गेला, लिफ्ट गेली, फोनचं चार्जिंग गेलं. मावशींना मधुमेह आहे. फ्रिजमधलं इन्सुलिन त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवलं आणि तेच वापरत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावर त्या सुखरूप होत्या, पाण्याचा थेंब त्यांच्या घरात आला नाही, तरी धोका त्यांच्यापर्यंत पोचलाच. म्हणून वीज खात्याच्या मागण्यांवर चर्चा होते तेव्हा आपल्या धारासभ्यांनी विचारलं पाहिजे: पुराच्या रेषेखाली येणारे ट्रान्सफॉर्मर किती, त्यांतले उंच चबुतऱ्यावर नेले किती, आणि सोसायट्यांच्या मीटरपेट्या वर हलवायचा नियम करणार का? यातलं एकही काम अवघड नाही. चबुतरा बांधायला सिमेंट लागतं आणि कोणीतरी मागे लागावं लागतं.

आपल्या शहराच्या उशाशी नंदेसरीची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, कोयलीची रिफायनरी आहे. 11 नोव्हेंबर 2024 ला रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागली, दोघे जण गेले, धूर लांबून दिसत होता. भोपाळनंतर, 1989 मध्ये, घातक रसायनांचे नियम आले. कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या वस्तीसाठी आपत्तीचा आराखडा हवा आणि त्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी झाली पाहिजे, असं त्यांत लिहिलेलं आहे. शेजारच्या लोकांना धोक्याची आणि काय करायचं त्याची माहिती देणंही बंधनकारक आहे. छाणी, गोरवा, बाजवा इथे राहणाऱ्या श्रोत्यांनी स्वतःला विचारून पाहावं: भोंगा वाजला तर घरात थांबायचं की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, हे आपल्याला कोणी कधी सांगितलं आहे का?

नदीबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2021 मध्ये निकाल दिला. विश्वामित्रीचा पूरपट्टा आणि तिची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, राखा, हद्द आखा, अतिक्रमण होऊ देऊ नका, हा त्याचा रोख. कोतरं भरून तिथे इमारती उभ्या राहिल्या तर पावसाचं पाणी थांबणार कुठे? लवाद निकाल देतो, पण वर्षानुवर्षं पाठपुरावा करणं हे सभागृहाचंच काम आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला महत्त्वाची वाटते. 2025 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी आता वेगळं नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येतं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष कलेक्टर. जिल्ह्याच्या प्राधिकरणात मूळ कायद्याने निवडून आलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष म्हणून बसवला होता. शहराच्या बाबतीत वरची दोन्ही पदं अधिकाऱ्यांची आहेत. शहरासाठी स्वतंत्र प्राधिकरण असणं चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण मग लोकांच्या वतीने त्याला जाब विचारणारी जागा दुसरीकडे शोधावी लागते, आणि ती जागा महापालिकेची सभा आणि विधानसभा याच आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी. तुमचे धारासभ्य कोणत्याही पक्षाचे असोत, डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या कार्यालयात जा. एकट्याने जाऊ नका, सोसायटीचे, भजनी मंडळाचे, गणेशोत्सव मंडळाचे चार जण बरोबर घ्या. तक्रार घेऊन न जाता तयार लिहिलेला प्रश्न घेऊन जा. मी एक वाचून दाखवते, कागद-पेन्सिल असेल तर उतरवून घ्या.

“वडोदरा शहराच्या वरच्या बाजूच्या आजवा आणि प्रतापपुरा येथून गेल्या पावसाळ्यात पाणी कोणत्या तारखेला व किती वाजता सोडले, नदीकाठच्या प्रत्येक वॉर्डात त्याची सूचना किती वाजता व कोणत्या मार्गाने दिली, आजवा धरणाचा आणीबाणी कृती आराखडा मंजूर झाला आहे काय, असल्यास त्याची प्रत नागरिकांना कोठे पाहता येईल, आणि येत्या 31 मेपूर्वी कोणकोणत्या कांसांची सफाई पूर्ण होईल?”

हा प्रश्न गुजरातीत लिहून द्या, आणि त्याच्या पोचपावतीवर तारीख घालून घ्यायला विसरू नका.