खाऱ्या पाण्याचा टँक आणि एप्रिल-मेचा उन्हाळा

श्रोतेहो, नमस्कार.

घरात खाऱ्या पाण्याचा टँक, म्हणजे समुद्री माशांचं मत्स्यालय असेल, त्यात क्लाउनफिश, प्रवाळ, एखादं ॲनिमोन, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी असेल, तर मार्च संपत आला की थर्मामीटर दिवसातून दोनदा बघा. एकदा सकाळी उठल्यावर, एकदा संध्याकाळी पाच-सहाला. पाणी 25-26 अंशांवर असावं. 28 पर्यंत बहुतेक जीव निभावून नेतात. 30 च्या वर काही दिवस राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात.

माशांचा जीव मात्र त्याआधीच कासावीस होतो, तो प्राणवायूपायी. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना सव्वासहाच्या आसपास. पाणी तापलं की माशाला प्राणवायू लागतो मात्र जास्त. म्हणून मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर पाणी गार करण्याच्या खटपटीआधी एअर पंप लावा, पॉवरहेडचं, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा आणि त्या दिवशी खाणं अगदी कमी द्या. वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पाणी फिरवणारा पंप ठेवा, दिवे नकोत.

आता आपण स्वतःच पाण्यात किती उष्णता ओततो ते पाहू. पाण्यात बुडवलेला 40 वॉटचा पंप ते सगळे 40 वॉट शेवटी पाण्यालाच देतो. गरजेपेक्षा मोठा पंप असेल तर उन्हाळ्यापुरता लहान बसवा. दिवे दुपारी न लावता संध्याकाळी सहा ते रात्री बारा लावा. प्रवाळांना उजेड कधी मिळतो यापेक्षा रोज ठरल्या वेळी मिळतो का, हे महत्त्वाचं. मात्र वेळ एकदम बदलू नका, रोज अर्धा तास सरकवा. काचेचं झाकण काढा आणि बारीक जाळी लावा, कारण खाऱ्या पाण्यातले बरेच मासे उडी मारतात.

झाकण निघालं की पंख्याचं काम सुरू होतं. संगणकात असतो तसा 120 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा पंखा ॲडॉप्टरवर चालवा आणि वारा पाण्यावरून तिरका जाईल असा घट्ट बसवा. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने टँक गार होतो: पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. 200 लिटरच्या टँकमधून एक लिटर पाणी उडालं, तर सुमारे तीन अंशांची उष्णता निघून जाते. तापलेली खोली ती उष्णता पुन्हा भरत राहते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचा फरक टिकवायलाही दिवसाला काही लिटर पाणी उडतं.

घोटाळा होतो तो इथेच. उडतं ते पाणी. मीठ मागेच राहतं. 200 लिटरमधून तीन दिवसांत 12 लिटर गेलं आणि भर घातली नाही, तर खारेपणा हजारी 35 वरून 37 वर जातो. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, मीठ कालवलेल्या पाण्याची कधीच नाही. पातळीची खूण काचेवर करा आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं घाला. खालच्या सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या जोडटाकीत, तापमान नियंत्रकाचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी असेल तर जास्तच जपा: पातळी उतरली की प्रोब उघडा पडतो, हवेचं तापमान वाचतो आणि नियंत्रक भलतंच करतो.

पंखा किती कामाचा, हे तुमच्या गावची हवा ठरवते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर वाऱ्यावर पाणी गार होण्याची शेवटची मर्यादा 21 अंशांच्या जवळ असते. नागपूरच्या कोरड्या उन्हातही पंखा चांगलं काम करतो. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असताना तीच मर्यादा 28 वर येते. मग दहा पंखे लावले तरी पाणी 26 ला येणार नाही. किनारपट्टीवर प्रवाळ ठेवायचे असतील, तर खोलीला एसी किंवा टँकला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, याचा खर्च मासे आणण्याआधीच धरा.

चिलर कपाटात कोंडू नका. तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर टाकतो. ती तिथेच साचली तर यंत्र अखंड चालत राहतं आणि पाणी काही उतरत नाही. चिलर 26 वर लावा, हीटर 24 वर, म्हणजे दोघांची झुंज होणार नाही. चिलरच्या जाळीवरची धूळ पंधरवड्याला झाडा.

अडीअडचणीला बर्फाची बाटली. गोड्या पाण्याची एक लिटरची घट्ट झाकणाची बाटली गोठवून सम्पमध्ये सोडा. 200 लिटरला तिने अर्ध्या अंशाचाच फरक पडतो, तेव्हा तीन-चार बाटल्या तयार ठेवा आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका. सुटा बर्फ टाकू नका, खारेपणा घसरतो.

मेच्या अखेरीस पुण्याकडेही हवा दमट होऊ लागते. बाहेरचं ऊन उतरलेलं असतं, पण पंख्याचा परिणामही घटलेला असतो, आणि पाणी एप्रिलपेक्षा जास्त तापू शकतं. वळवाचा पाऊस झाला तरी संध्याकाळचं थर्मामीटर बघणं थांबवू नका.