फिट येते पण शुद्ध जात नाही

नमस्कार मंडळी. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, माणूस खाली पडलाय, हातपाय झडतायत आणि कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल शोधायला पळतंय (त्याने काहीही होत नाही, प्लीज नका करू). मला आठवीपासून ज्या फिट यायच्या त्यात मी कधी पडलेच नाही, म्हणून घरात-शाळेत कोणाला वर्षभर कळलंच नाही.

व्हायचं काय, पोटातून काहीतरी गळ्यापर्यंत चढायचं, उगाचच भीती वाटायची आणि समोर चाललंय ते सगळं आधी एकदा घडून गेलंय अशी अगदी खात्री वाटायची, मग मिनिटभरात सगळं शांत. मी बाकावर ताठ बसलेली, डोळे फळ्याकडे, बाईंचा आवाज कानावर पडतोय पण शब्दांचा अर्थच लागत नाहीये. बाई विचारायच्या, आत्ता मी काय सांगितलं? मला फिट आठवायची, धडा नाही आठवायचा. मग घरी चिठ्ठी, मुलीचं लक्ष नसतं.

ह्या प्रकाराला २०१७ पासून डॉक्टर फोकल अवेअर सीझर म्हणायला लागले, आधी सिंपल पार्शल म्हणायचे, ते सिंपल मला कधी पटलं नाही. मेंदूच्या एका भागात विजेचा गोंधळ होतो, बाकीचा मेंदू जागा असतो. बऱ्याचदा तो भाग म्हणजे कानशिलाच्या आतला टेम्पोरल लोब, आणि तिथेच खोल आत हिप्पोकॅम्पस असतो, नवीन गोष्ट टिपून घेणारा. टिपून घेणाराच गडबडला तर समोरचा तास कितीही छान चालू दे, वही कोरीच राहणार ना.

हिप्पोकॅम्पसचं महत्त्व जगाला कळलं ते एका अमेरिकन पेशंटमुळे, हेन्री मोलेसन. फिट थांबाव्यात म्हणून १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, सर्जनने दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला, फिट खूप कमी झाल्या पण त्यानंतर भेटलेली माणसं त्याच्या लक्षात राहीनात. तरी गंमत बघा, आरशात बघून चांदणी गिरवायला तो रोजच्या सरावाने शिकला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला आठवायचं नाही. मला हे वाचून रडू आलं होतं, कारण माझंही तसंच थोडं, सायकल, शिवण, पेटी सगळं हाताला बसलं, सनावळी आणि नावं मात्र निसटायची. (दोन्ही बाजू काढायचं ऑपरेशन आता करत नाहीत, घाबरू नका.)

आणि नुकसान फक्त त्या एका मिनिटाचं नसतं. दोन फिटच्या मधेसुद्धा बारीक बारीक ठिणग्या उडत असतात, रात्री उडाल्या तर झोप नीट होत नाही आणि दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. काही औषधांनी पण शब्द पटकन सापडत नाहीत, टोपिरामेटने असं होऊ शकतं, पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हां, डॉक्टरांना सांगायचं, डोस किंवा औषध बदलता येतं. अजून एक, अशा फिट खोलवर होतात म्हणून ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज बघायची तपासणी, नॉर्मल येऊ शकते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोर नाटक करतंय असं कृपा करून म्हणू नका, हे ऐकून घेणं फिटपेक्षा जड जातं. सगळ्यांचीच स्मरणशक्ती बिघडते असंही नाही, ज्यांना क्वचित येते त्यांना बऱ्याचदा काही जाणवतही नाही.

माझं निदान झालं ते आईमुळे. तिने एका जुन्या कॅलेंडरवर मी सांगेन ती तारीख, वेळ आणि तेव्हा कोणता तास चालू होता ते लिहायला सुरुवात केली. डॉक्टरांनी ते कॅलेंडर हातात घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं, आदल्या रात्री ही किती झोपली होती? जवळपास प्रत्येक खुणेच्या आदल्या रात्री मी बारापर्यंत जागून पाठांतर करत होते. नववीपासून दहाला दिवा बंद, आणि फिट येऊन गेली की मी पेन उलटं ठेवायचे, शेजारची मैत्रीण ते बघून तेवढ्या ओळी मधल्या सुट्टीत मला परत वाचून दाखवायची.